गाडीदेवाचा एक्स-रे

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. दुपारी २

आजपासून रोजनिशी. याआधीच्या सगळ्या एक जानेवारीला सुरू केल्या होत्या, म्हणून बंद पडल्या. ऑगस्टात सुरू केलेली टिकेल.

कारण गंभीर आहे. सकाळी झेंडावंदनानंतर ग्रामसभेत ठराव झाला की वेशीजवळच्या चढावर ग्रॅनाइटची कमान उभारायची आणि तिच्यावर गावाचं नाव काढणाऱ्या माणसांची नावं कोरायची. उद्घाटन दसऱ्याला. कमिटीचा अध्यक्ष भावकीतला माझा लांबचा भाऊ वीरधवल, रिटायर्ड सुभेदार मेजर. ठराव पास होताच त्याने खिशातून टाइप केलेली यादी काढली. सात नावं. चार त्याच्या घरातली, सगळे फौजी. आमच्या घरातलं एकही नाही. लेक क्रांती पुण्याहून आलेली, शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे न बघता झेंड्याकडे बघत राहिली. मला लय लागलं ते.

मी उठलो आणि म्हणालो, आमचे आजोबा कै. लालासाहेब यांनी चढावर मोटार मागं येऊ न देणारी कळ शोधून काढली होती, त्यांचं नाव घ्या. सगळी सभा माझ्याकडे वळली. मीही चपापलो, कारण बोलेपर्यंत मलाही हे पक्कं माहीत नव्हतं. पण लहानपणापासून घरात ऐकतोय की लालासाहेब होते म्हणून खंबाटकी घाटात मोटार कधी मागं आली नाही. एका माणसामुळे मोटार मागं येत नसेल तर त्याने काहीतरी शोध लावलेलाच असणार. आयटीआयमध्ये तेवीस वर्षं मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवलाय मी. मला कळतं.

वीरधवल म्हणाला, पंचवीस सप्टेंबरपर्यंत पुरावा आण, कोरतो. म्हटलं, दहा दिवसांत आणतो.

१६ ऑगस्ट

पहाटे पाचला उठून संशोधन करायचं ठरवलं होतं. पावणेआठला उठलो. ताजा मेंदू महत्त्वाचा.

नेटवर पाहिलं. या कळीला इंग्रजीत हिल होल्डर म्हणतात. एका अमेरिकन कंपनीने १९३६ साली ती गाडीत बसवून दिली. म्हणजे लालासाहेबांनी शोध लावला १९३५ ला. आपण एका वर्षाने पुढे. फार बरं वाटलं.

शाळेच्या रजिस्टरात त्यांची जन्मतारीख १ जून १९१६. आमच्या गावातली निम्मी माणसं गुरुजींच्या सोयीने एक जूनलाच जन्मली आहेत, त्यामुळे दिवस-महिना सोडून देऊ. तरी १९३५ ला वय एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी मी क्लच आणि गिअर यांत गोंधळ घालत होतो. माणसामाणसात फरक असतो.

आजोबा तेव्हा सातारा-पुणे सर्व्हिस मोटारीवर होते. मोटारीवर नक्की काय होते हे घरात कुणी सांगत नाही. ड्रायव्हर असणार. बहुतेक हेड ड्रायव्हर.

१९ ऑगस्ट

ग्रंथाचं नाव ठरलं: चढाचा धनी. मुखपृष्ठ ठरलं. ऋणनिर्देश लिहून झाला. त्यात सौ. संयोगिताचे आभार मानलेत. तिने अजून काही केलेलं नाही, पण करेल.

मजकूर उद्यापासून.

२४ ऑगस्ट, रविवार

पलूसला राहीआत्याकडे गेलो. लालासाहेबांची एवढी एकच लेक हयात आहे. वय तिच्या मते पंच्याऐंशी असंल न्हाई तर नव्वद. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तिच्यापुढे ठेवला. शास्त्रशुद्ध मुलाखत. सत्तेचाळीस मिनिटं. आत्या म्हातारी आहे, तिला शीण नको म्हणून पार्श्वभूमी मीच सांगितली. नंतर अमेरिका सांगितली. मग कळीचं तत्त्व, तिच्या पानदानाच्या झाकणावर, अडकित्ता लावून. ती मधेमधे बोलायला बघत होती. आत्या शेवटी म्हणाली, तुला समदं ठावं हाय तर माझ्याकडं कशाला आलास रं. ही तिने दिलेली पावतीच समजतो.

परत येताना वेशीजवळच्या चढावर पुढे ट्रॅक्टर थांबला, म्हणून थांबावं लागलं. संयोगिता सवयीने उतरली, चाकामागं दगड लावला, गाडी निघाल्यावर मागून चालत आली. तिला चालायची हौस आहे. डॉक्टरांनीही तिला चालायला सांगितलंय, त्यामुळे मी कधी अडवत नाही.

२५ ऑगस्ट

रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायचं होतं. गणपतीच्या मखराचं काम निघालं. उद्या नक्की.

२९ ऑगस्ट

मखर झालं. रेकॉर्डिंग राहिलं. एवढं काय, मुलाखतीला मी स्वतः हजर होतो.

३१ ऑगस्ट, रविवार

फील्ड वर्क. खंबाटकी घाटात प्रत्यक्ष चाचणी. जुनी गाडी, मी, संयोगिता, पोहे, थर्मास.

पुण्याकडे जाताना बोगदा लागतो, घाटाचा चढ पुण्याहून येणाऱ्यांच्या वाट्याला. म्हणून बोगद्यातून खंडाळ्यात उतरलो, तिथून वळलो आणि घाट चढू लागलो. एका वळणावर मुद्दाम थांबलो. त्या काळी ड्रायव्हरच्या मनात काय येत असेल याचा अनुभव घ्यायचा होता. अनुभव असा की मनात काहीही येत नाही, फक्त गाडी मागं येते. मी हँडब्रेक, क्लच आणि वायपर अशा तिन्हींचा उपयोग करून पाहिला. मागच्या ट्रकने जो हॉर्न धरला तो सोडलाच नाही.

संयोगिता थर्मास सीटवर ठेवून उतरली. रस्त्याकडेचा दगड उचलून चाकामागं टाकला. गाडी थांबली. वाहतूक पोलीस आला. मी त्याला सांगितलं की हे ऐतिहासिक संशोधन आहे. तो म्हणाला, काका, ऐतिहासिक असलं तरी साइडला घ्या. पुढच्या वळणापर्यंत संयोगिता दगड घेऊन गाडीमागून आली. ट्रकवाल्याने तिला हात करून पुढे जाऊ दिलं.

निष्कर्ष: या घाटाला कळीशिवाय पर्याय नाही. म्हणजे शोध लागलाच असला पाहिजे. सिद्ध.

पोहे सांडले.

३ सप्टेंबर

सापडलं.

आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये कोनाड्यात गाडीदेव आहे. वीतभर लांब, एका अंगाने जाड, दुसऱ्या अंगाने निमुळता. मी जन्मल्यापासून बघतोय. दर खंडेनवमीला सगळी हत्यारं, नांगर, ट्रॅक्टर पुजताना त्याला तेलात कालवलेला शेंदूर चढतो. सत्तर-ऐंशी वर्षांचा शेंदूर. आत काय आहे हे आज कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. घरात नवीन गाडी आली की पहिला नारळ त्याला.

तो देव इथे आणला लालासाहेबांनी. आज बॅटरी मारून पाहिला तर कडेला शेंदराखाली दातरा असल्यासारखा वाटला. दातरा. रॅचेट. ही ती कळ आहे. मी साठ वर्षं तिच्यापुढे ऊदबत्ती लावत होतो.

शेंदूर खरवडू का, असं संयोगिताला विचारलं. देवाचं कवच आपणहून गळतं, नाहीतर घरातलं सगळ्यात मोठं माणूस उतरवतं, असं म्हणाली. सगळ्यात मोठी आत्या. तिला विचारायला लागेल. तोवर दुसरा मार्ग शोधतो, आधुनिक मार्ग.

९ सप्टेंबर

इस्लामपुरात देवाचा एक्स-रे काढला.

तिथला टेक्निशियन बिरदेव माझा जुना विद्यार्थी, वेल्डर ट्रेडला जागा नव्हती म्हणून माझ्याकडे आलेला. त्याच्याकडे शब्द टाकला. देवाला टॉवेलात गुंडाळून संयोगिताने मांडीवर आणलं. आत नेण्याआधी तिने मशीनला हळद-कुंकू लावलं. बिरदेव म्हणाला, सर, फॉर्म तर भरावा लागंल. पेशंटचं नाव: गाडीदेव. वय: अंदाजे नव्वद. तक्रार: चढावर त्रास. त्याने देवाला वरून, बाजूने आणि पालथं असं तीनदा झोपवलं. बाहेर गुडघेवाल्या तीन बायका ताटकळत होत्या, पण आत कोण आहे कळल्यावर त्यांनी बाहेरूनच हात जोडले.

फिल्म आली. तिन्ही फिल्मवर एक पांढराशुभ्र आकार. आतलं काही दिसत नाही. एक्स-रेसुद्धा आरपार जाऊ शकला नाही. बिरदेव म्हणाला, त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

माझ्या लगेच ध्यानात आलं. लालासाहेबांनी कळीसाठी खास मिश्रधातू बनवला होता. म्हणजे शोध एक नाही, दोन. ग्रंथाचे दोन खंड करावे लागणार.

१० सप्टेंबर

क्रांतीला एक्स-रेचे फोटो पाठवले. ती पुण्यात मोटारींच्याच कंपनीत इंजिनिअर आहे. तिचा फोन आला. आधी पाच मिनिटं नुसती हसत होती. मग म्हणाली, पप्पा, शेंदरात शिसं असतं आणि एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीलाही शिसंच लावतात, त्यातून एक्स-रे जात नाही. तुम्ही ऐंशी वर्षांच्या शिशाचा फोटो काढलाय.

तिचं शिक्षण चांगलं झालंय, पण नवीन पिढीला स्वतःच्या पणजोबांविषयी आदर नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, आणि पप्पा, कमानीवर नाव नसलं तरी मला काय फरक पडत नाही. मला पडतो, हे मी बोललो नाही. तेवीस वर्षं शिकवलं, एकदा आदर्श निदेशक म्हणून नाव पाठवलं होतं, तेही परत आलं. आमच्या घरातलं एक नाव दगडावर पाहिजे. बस्स.

आजपासून चहा बंद. मन एकाग्र करायचं.

दुपारी ४: चहा घेतला.

१७ सप्टेंबर

आजोबांची कळ कशी असेल याचं मॉडेल बनवलं. दातेरी चक्र, खटका, स्प्रिंग. आपल्याच गाडीला मागच्या चाकाजवळ बसवलं. चाचणी घेतली. गाडी मागं अजिबात येत नाही. पुढंही जात नाही. पन्नास टक्के यश पहिल्याच प्रयत्नात.

काढायला गॅरेजवाला बोलवावा लागला. तो माझा विद्यार्थी नव्हता, सुदैवाने.

२५ सप्टेंबर

चौसष्ट पानांचा प्रबंध वीरधवलच्या हातात दिला. त्याने उभ्या उभ्या वाचला. फौजी माणूस, पानं ड्रिल केल्यासारखी उलटतो. वाचून म्हणाला, यात असणार हा शब्द एकेचाळीस वेळा आलाय. मग म्हणाला, सर्जेराव, पुढची बाजू उद्या कोरायला जातीय. देवाचा शेंदूर उतरव, आत कळ निघाली तर मी स्वतः छिन्नी घेतो.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, खंडेनवमीला येते, मी उतरवते, तुमी कुणी हात लावू नगा. आणि असंही म्हणाली की आत काय हाय ते मी तुला तवाच सांगितलं व्हतं. वय झालं की माणसं गोंधळतात.

भावकीला आमंत्रण दिलं. सगळ्यांना. पेढे सांगितले. भाषण लिहिलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. दुपारी

शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसं. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा. क्रांतीही आली. वीरधवल युनिफॉर्मची पदकं लावून.

आत्या पाटावर बसली. कोमट तेल मागितलं. देवावर धार धरून अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली, बाळाला न्हाऊ घालतात तसं. अर्ध्या तासाने शेंदराचा एक कपचा सुटला, मग दुसरा, मग सगळं कवच एका बाजूने निघून परातीत पडलं. मी भाषणाचा कागद उघडून उभा.

लाकूड निघालं. बाभळीचा ओंडका, पाचरीसारखा तासलेला. निमुळत्या टोकाला लोखंडी पट्टी मारलेली. ज्याला मी दातरा म्हणत होतो ते त्या पट्टीचे खिळे. जाड बाजूला दोन्ही हातांनी धरून धरून गुळगुळीत झालेलं.

कुणीतरी मागून म्हणालं, आवं ही तर उटी हाय. चाकामागं लावायची. मग सगळे हसले. आधी एकजण, मग शेड हसली. मीसुद्धा हसलो, कारण न हसणारा मी एकटाच राहिलो असतो. मग आत गेलो आणि भाषणाचा कागद पेढ्यांच्या बॉक्सखाली ठेवला.

पेढे चांगले होते.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९

रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदाच.

दुसऱ्या मिनिटाला आत्या सांगते: माझा बा क्लीनर व्हता रं. उटी घिऊन गाडीमागनं जायचा. त्यावर माझा आवाज: तांत्रिक भाग मी नंतर भरतो, आत्या.

अकराव्या मिनिटाला आत्या: घाटात मोटार थांबली की ह्यानं उटी घालायची, निघाली की उचलायची, परत पुढल्या वळणाला. अकरा वरसं. मग तीच उटी घरी आणून कोनाड्यात पुजली. मी: बरं, आता आपण १९३५ कडे येऊ.

तिसाव्या मिनिटाला आत्या: माझा बा घाटात गाडीत कवा बसला न्हाई. ड्रायव्हर म्हणायचा बस, तर म्हणायचा चढ संपू दे. त्याच्या टाचा बघितल्या न्हाईस तू, बोट शिरंल एवढ्या भेगा. एकदा उटी सुटली तर ह्यानं पाय घातला. आत तीस माणसं व्हती. त्यावर मी: अमेरिकेत मात्र, आत्या, या काळात.

पुढचं ऐकवेना. बंद केलं. इतका वेळ मी बोललोय. मला माझा आवाज इतका वाईट आहे हे माहीत नव्हतं.

आजोबा लंगडत चालायचे, हे मला आठवतंय. का, ते मी कधी विचारलं नाही.

२ ऑक्टोबर, दुपारी

ग्रामसभेत उठलो. प्रबंध मागे घेतो म्हणालो. कळ-बिळ काही नव्हतं, आमचा आजा क्लीनर होता, उटी घेऊन घाट चालायचा, एवढंच खरं आहे असं सांगितलं. आणि पायाचं सांगितलं. नाव घ्या, असं म्हणालो नाही. म्हणायचं होतं, पण खाली बसलो.

कुणी हसलं नाही. वीरधवलने विचारलं, घाट किती किलोमीटर. सहा-सात, मी म्हणालो. रोज? रोज, जाताना आणि येताना. किती वर्षं? अकरा. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, आम्ही पाठीवर वजन घेऊन चाललोय, पण आमच्या पुढं गाडी नव्हती. घ्या नाव.

पण पुढची बाजू कोरून पूर्ण झालीय. जागा नाही. मागच्या बाजूला, खाली, पायाजवळ एक दगड कोरा आहे, तिथं घालू म्हणाला. खाली काय लिहायचं, त्याने विचारलं. क्रांती माझ्या आधी बोलली: क्लीनर.

१२ ऑक्टोबर, रविवार

नाव कोरून झालं. बघायला गाडी घेऊन गेलो. इस्लामपूरकडून येताना दिसतच नाही. पुढून सुभेदार, हवालदार, कॅप्टन. गाव सोडून जाणाऱ्यालाच दिसतं, तेही वाकल्यावर: कै. लालासाहेब, क्लीनर. आजोबांची जागा गाडीच्या मागेच असायची. ती जागा मिळाली.

बघून परत वळवताना चढावर गाडी बंद पडली. मागं यायला लागली. मी हँडब्रेक शोधेपर्यंत दार वाजलं, संयोगिता उतरली होती, चाकामागं उटी बसली होती. शेडमधल्या कोनाड्यातून तिने ती कधी घेतली मला माहीत नाही. सत्तावीस वर्षं झाली आम्ही या चढाने येतोय. मी हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

गाडी सुरू झाली. मी काच खाली करून म्हणालो, बस आत.

ती म्हणाली, चला तुमी, चढ संपला की बसते.